खाप्याला दिलेली गाडी

आमच्या घरात गाडी जुनी व्हायला फार वेळ लागायचा. खरं तर ती आमच्याकडे आली तेव्हाच चांगली वापरलेली होती. नागपुरात सदरमधल्या एका डॉक्टरांनी ती बरीच वर्षं फिरवली, परदेशी जाताना बाबांना दिली, आणि बाबांनी ती धरमपेठेतल्या आमच्या घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली आणून उभी केली ती अगदी शोरूममधून आणल्याच्या थाटात. पुढे कित्येक वर्षं कोर्टातल्या कुणी "वकीलसाहेब, गाडी बदलायची नाही का?" असं विचारलं की बाबा खरोखर चकित व्हायचे. "काहून? आत्ताच तर घेतली," म्हणायचे. तोवर दादाचं कॉलेज संपलेलं असायचं, मी फ्रॉकमधून साडीत आलेली असायचे, आणि गाडीचा मूळचा हिरवा रंग उन्हाने उडून वाटाण्याच्या सालासारखा झालेला असायचा. पण बाबांच्या हिशेबी ती आत्ताच घेतलेली होती. आम्ही तिला कधी नावही ठेवलं नाही. गल्लीत तेव्हा दुसरी गाडीच नव्हती, त्यामुळे नुसतं "गाडी" म्हटलं की पुरायचं.

सकाळी घरातले आवाज ठरलेले होते. आधी आईची पाण्याची बादली, मग देवघरातली घंटा, मग गाडी. हिवाळ्यात तिला उठवणं हे एका माणसाचं काम नव्हतं. आई पातेल्यात पाणी गरम करून द्यायची, ते रेडिएटरमध्ये ओतायचं. बाबा आत बसून चोक ओढायचे आणि दादा पुढे वाकून हँडल मारायचा. तरी ती नुसती खोकायची. मग बाबा तिच्याशी बोलायला लागायचे. कोर्टात जज्जसाहेबांपुढे बोलायचे तोच आवाज, तेच आर्जव, की आता फार वेळ न लावता कृपा व्हावी. आई स्वयंपाकघरातून म्हणायची की एवढ्या गोड बोलण्याची घरातल्या माणसांना सवय नाही, आम्हाला तर कुणी असं उठवलं नाही. शेवटी एकदाची ती फुरफुरत सुरू झाली की शेजारच्या देशमुखकाकू कुकर लावायच्या. त्या म्हणत की घड्याळापेक्षा तुमची गाडी बरी, घड्याळाला किल्ली द्यायची मी विसरते.

आणि तिचा वास. पेट्रोलचा वास मला सोसायचा नाही, गाडी हलली की पोटात ढवळायचं. त्यावर आईचा उपाय म्हणजे संत्र्याची सालं. संत्र्याच्या दिवसांत ती सालं वाळवून ठेवायची आणि मागच्या सीटखाली एका फडक्यात बांधून टाकायची. त्यात प्रवासाला निघताना डब्यात कायम सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पुण्याकडच्या पाहुण्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागायचं. रामटेकला जा, अदाशाच्या गणपतीला जा, वडी बरोबर असायचीच आणि गाव मागे पडायच्या आत संपायची. पेट्रोल, संत्रं आणि तळलेली वडी, हा माझ्या लहानपणाचा वास आहे. आजही कुठे हे तिन्ही वास एकत्र आले, आणि नागपुरात ते येतातच, तर मला एकदम बरं वाटायला लागतं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या घरात एक नियम होता, की नव्या गाडीवर कुणी शिकत नाही. शिकायचं ते जुन्यावर. दादा याच गाडीवर शिकला. अंबाझरीच्या रस्त्यावर बाबांनी त्याला बसवला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या फाटकाचा एक खांब वाकवला. तो खांब तसाच राहिला; पोस्टमन तिथे सायकल अडकवायचा. माझ्याबद्दल ठरलं होतं की अठरा पूर्ण झाली की शिकवू. अठरा झाली तेव्हा बाबा म्हणाले, परीक्षा होऊन जाऊ दे. परीक्षा झाली तर म्हणाले, उन्हाळ्यात इंजिन तापतं. पाऊस आला तर रस्ते निसरडे, आणि हिवाळ्यात क्लचप्लेट बदलायची आहे. क्लचप्लेट काय असते हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण तिचा मला मनापासून राग होता. दादा तोवर नोकरीला भोपाळला निघून गेलेला. हँडल आता मी मारत होते. सकाळी थंडीत वाकून गाडी सुरू करून द्यायची मी आणि आत बसून जायचे बाबा, हे मला किती लागत असे ते मी कुणाला बोलले नाही. आईला मात्र कळत असावं. ती हँडल माझ्या हातातून घेऊन पुसून ठेवायची आणि मला दुधाचा पेला द्यायची.

अशात नव्या गाडीचा नंबर लागला. आजच्या मुलांना हे सांगितलं तर पटत नाही, पण तेव्हा गाडीसाठी नाव नोंदवून वाट बघत बसावं लागे, आणि वाट इतकी लांब असे की नाव नोंदवल्याचंच माणूस विसरून जाई. बाबा खरंच विसरले होते. घरात शेड एकच. नवी आत यायची तर जुनी बाहेर जायला हवी. आई खूश झाली, देशमुखकाकू खूश झाल्या, आणि मी जेवता जेवता विचारलं, "मग माझं शिकायचं?" बाबा आमटीत भात कालवत म्हणाले, "नवी येऊ दे, मग बघू." आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "नवी गाडी या घरात जुनी व्हायला किती वर्षं लागतात ते मला माहीत आहे. तोवर हिची पोरं शिकायची होतील." बाबा जेवत राहिले. आई बोलली ते अगदी खरं होतं. ही गाडी गेली की माझं गाडी चालवणं गेलं, एवढा तो सरळ मामला होता.

इथे थोडं थांबते. माझा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलतो. गाडी ठणठणीत असते. परवा मी विचारलं की हिला काय झालंय, तर म्हणाला, "काही नाही गं आई, कंटाळा आला." मी म्हटलं, मला तर इतक्या वर्षांत तुझ्या बाबांचाही कंटाळा आलेला नाही. तो हसून म्हणाला, ते कलम गाडीला लागू होत नाही. बोलण्यात आजोबांवर गेलाय. त्याला मी दोष देत नाही, गाड्याही आता तशाच येतात, चुपचाप, कुणाची मदत न मागता सुरू होणाऱ्या. कुणी मला विचारत नाही, पण विचारलं तर सांगेन की घरात शिकायचं एकही माणूस बाकी आहे तोवर गाडी काढू नये. माझी स्वतःची मी किती वर्षं वापरते आहे ते इथे लिहीत नाही. मुलगा वाचणार आहे.

तर गिऱ्हाईक आलं ते खाप्याचं. गुलाबराव नावाचे, कन्हानच्या काठी संत्र्याची बाग असलेले, पांढरंशुभ्र धोतर आणि मोठा आवाज. त्यांची गाडी बघण्याची तऱ्हा निराळी होती. बॉनेट उघडायला त्यांनी सांगितलंच नाही. मागचं दार उघडून आत बसले, उतरले, पुन्हा बसले, सीट हाताने दाबून पाहिली, पायरी किती उंच आहे ते वितीने मोजलं. त्यांच्या बायकोचे गुडघे गेले होते, एसटीत चढणं होत नव्हतं, आणि लेक कळमन्याला दिलेली, तिला नुकतंच बाळ झालेलं. गाडी हवी होती ती एवढ्यासाठी. इंजिनाबद्दल एकही प्रश्न नाही. बाबांना हा माणूस फार सुसंस्कृत वाटला. दुसरे लोक आल्या आल्या सायलेन्सरखाली डोकं घालतात, म्हणाले. सौदा तिथेच झाला, पुढच्या आठवड्यात कागदही त्यांच्या नावाने झाले, आणि रविवारी गाडी आम्ही खाप्याला पोचवायची असं ठरलं.

रविवारी सकाळी मी बाहेर आले तर आई गाडीची ओटी भरत होती. बॉनेटवर हळदकुंकू, पुढच्या काचेशी नारळ, तांदूळ, सुपारी. देशमुखकाकूही येऊन उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. बाबा म्हणाले, हे काय चाललंय, ती काय सासरी जाऊन राहिली का? आई म्हणाली, मग कुठे जाऊन राहिली? आणि ती काही एकटी जाणार नाही, म्हणून आईही निघाली, आई निघाली म्हणून मीही. वड्यांचा डबा घेतला. पाटणसावंगीपर्यंत तो कुणी उघडला नाही. मी मागे बसून बाबांच्या पायांकडे बघत होते, कुठला पाय कधी उचलतात, कधी दाबतात. आता बघून काय उपयोग, असंही वाटत होतं, आणि डोळे हटतही नव्हते.

गुलाबरावांच्या घरी आमचं स्वागत व्याह्यांसारखं झालं. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले जात होते. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, राखेत भाजून तुपात बुडवलेला, आणि बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. काकू, म्हणजे गुलाबरावांच्या पत्नी, ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि हाताने माशी वारावी तसं आमचं "पुरे, पुरे" उडवून लावत होत्या. वाढायला सून शोभा, माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी. नवरा भिलाईला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. जेवणं झाली, विडा झाला, आणि बाबांनी किल्ली काढून गुलाबरावांच्या हातात ठेवली. गुलाबरावांनी ती तशीच परत बाबांपुढे केली.

"मले काहून देता? तुमचा माणूस कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"कोणता माणूस?" बाबा म्हणाले.

"चालवनारा."

मग उलगडा झाला. गुलाबरावांच्या घरात गाडी कुणालाही चालवता येत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा भिलाईला. पण त्यात त्यांना अडचण वाटलीच नव्हती, कारण त्यांच्याकडे बैलजोडी विकत घेतली की विकणाऱ्याचा माणूस काही दिवस जोडीबरोबर येऊन राहत असे. बैलांना नव्या हाताची सवय झाली की तो आपल्या गावी जाई. गाडीचंही तसंच असणार असं ते धरून चालले होते. एवढी महत्त्वाची वस्तू कुणी नुसतीच अंगणात सोडून कसं जाईल? आणि बाबा धरून चालले होते की गाडी घेणाऱ्याकडे ड्रायव्हर असतोच. सगळे कागद तपासणाऱ्या माझ्या वकील बाबांनी एवढी एक गोष्ट विचारली नव्हती. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. आईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

ड्रायव्हर ठेवायला काकू तयार नव्हत्या. परका माणूस रोज दारात नको. मुलाने शिकायचं तर तो येणार महिन्यातून एकदा. शेवटी गुलाबरावांनीच ठरवून टाकलं. "आमची सून शिकन," ते म्हणाले, "मॅट्रिक झालेली हाये. तुमी शिकवा, वकीलसाहेब." शोभा दारामागे उभी होती, ती आणखी मागे गेली. काकूंनी एवढंच घातलं की बाई माणूस एकटी नाही बसायची, वकिलांची पोरगी संगं पाहिजे. बाबांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? गाडी तर देऊन बसले होते. गुलाबराव म्हणाले की तोवर गाडी तुम्हीच घेऊन जा, इथे तिच्यावर कोंबड्या बसतील, रविवारी रविवारी आणत जा. आणि आम्ही सासरी पोचवलेली गाडी घेऊन त्याच दिवशी परत आलो. देशमुखकाकू फाटकात उभ्या होत्या. त्यांना आईने काय सांगितलं कोण जाणे, त्या रात्रीच्या जेवणापर्यंत हसत होत्या.

पुढचे आठवडे मोठे मजेचे गेले. गाडी आमच्या शेडमध्ये होती पण आमची नव्हती, आणि बाबा यात फार काटेकोर. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू, म्हणून सोमवार ते शनिवार तिला हात लावायचा नाही. धुणं-पुसणं तेवढं करायचं, कारण ते सांभाळणाऱ्याचं काम. गाडी दारात उभी आणि बाबा काळा कोट घालून सायकलरिक्षाने कोर्टात, हे गल्लीने रोज बघितलं. दोघींची शिकाऊ लायसन्सं त्यांनी लगेच काढून आणली. माझं कशाला, मी विचारलं, तर म्हणाले, गाडीत बसणार आहेस ना, असलेलं बरं. बसायला लायसन्स लागत नाही हे मलाही माहीत होतं.

खाप्यात बाजाराचं मैदान आठवड्याचा बाजार सोडला तर रिकामं असे. तिथे शिकवणी चाले. पुढे बाबा आणि शोभा, मागे मी. शोभा डोक्यावरचा पदर दाताखाली धरून बसायची आणि क्लच असा सोडायची की गाडी उडी मारून बंद. बाबा तिला एकदाही रागावले नाहीत. गोड आवाजात पुन्हा सांगायचे, आधी पाय, मग हात, घाई नको. मी मागे बसून माझा पाय तसाच दाबायचे आणि सोडायचे. शोभाचं काय चुकलं ते मला तिच्याआधी कळायचं. एका रविवारी परत येताना मला इतकं भरून आलं की मी तोंड खिडकीकडे करून बसले. माझ्या बाबांनी माझ्या गाडीवर दुसऱ्याच्या सुनेला शिकवायचं आणि मी सोबत म्हणून मागे बसायचं, याहून वाईट काही असेल असं मला त्या वयात वाटत नव्हतं. गाडी माझी नव्हती हे खरं, पण असं रडू येताना कोण मालकीचा विचार करतं?

पुढच्या खेपेला आईही आमच्याबरोबर आली होती, आणि शोभा अडून बसली. मैदानात न जाता सरळ सासऱ्यांसमोर ओट्याखाली जाऊन उभी राहिली. एरवी त्यांच्यासमोर हळू बोलणारी, पण त्या दिवशी स्पष्ट बोलली. "मले एकटीले लाज वाटते. मी एकटीच चुकून राहिली. हिले बी चालवू द्या. ही चुकली तं मले धीर येईन."

गुलाबराव हसले. बाबा म्हणाले, "गाडी तुमची आहे, गुलाबराव. माझ्या पोरीला द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." मला वाटतं, त्यांना त्यातूनही सुटायचं होतं. मालक नाही म्हणाला की प्रश्नच मिटला. गुलाबरावांनी मला जवळ बोलावलं. काय विचारतील याची मला भीती वाटत होती, पण त्यांनी माझ्याकडे पाहत विचारलं ते बाबांना ऐकू जावं म्हणूनच.

"आतावरी गाडी कोनाची होती वं, पोरी?"

"बाबांची," मी म्हटलं.

"मंग त्यायनं काहून नाही शिकवलं तुले?"

मी काय सांगणार? क्लचप्लेट सांगू की पाऊस? आई चहाचा कप खाली ठेवून बाबांकडे बघत होती. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या... नव्हे, त्या दिवशी त्यांनी पँट घातली होती, रुमालाने पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडीचं काही नव्हतं, गुलाबराव. हिचीच भीती वाटायची मला. रस्त्यावर ट्रक असतात. मुलगा शिकला तेव्हा नाही वाटली. हिच्या वेळी वाटली. दर वेळी काही ना काही कारण काढत गेलो."

"अन् माह्या सुनेची नाही वाटली?" गुलाबरावांनी विचारलं.

जन्मभर उलटतपासण्या घेतलेल्या माझ्या बाबांचीच उलटतपासणी झाली होती. आधी काकू हसल्या, मग आई, मग बाबा स्वतः, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शोभाही पदराआड हसत होती. मी मात्र हसले नाही. इतके दिवस मी त्या बिचाऱ्या गाडीवर राग धरून होते. बाबा तिला माझ्याहून जपतात, तिला ओरखडा नको म्हणून मला हात लावू देत नाहीत, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. आणि ते माझ्यासाठी भीत होते. मला त्यांचा थोडा रागही आला, कारण भीती भीती म्हणत त्यांनी मला नुसतं थंडीत हँडल मारायला ठेवलं होतं, पण त्याहून कितीतरी जास्त माया दाटून आली. "शिकव, वकीलसाहेब," गुलाबराव एकदम एकेरीवर येत म्हणाले, "दोघीयले शिकव गा." बाबा उठले, डोळे पुसत मला म्हणाले, "चल."

मी चुकले, आणि भरपूर चुकले. मागच्या सीटवर बसून मला जे सगळं येत होतं ते पुढच्या सीटवर येताच कुठे गेलं कळेना. गाडी उड्या मारत बकऱ्यांच्या कळपाकडे निघाली, बकऱ्या चारी दिशांना पळाल्या, आणि मागे बसलेल्या शोभाला इतका धीर आला की ती टाळ्या वाजवायला लागली. बाबा माझ्यावर ओरडले. शोभावर कधी ओरडले नव्हते, माझ्यावर पहिल्या पाच मिनिटांत ओरडले, आणि मला ते फार बरं वाटलं. त्या दिवशी जेवणात पाटवडीचा रस्सा होता, तिखटाने नाकातून पाणी येत होतं, आणि मी आणि शोभा एकमेकींच्या चुका सांगत हसत होतो. काकूंनी विचारलं की कळमन्याला केव्हा नेनार, का माह्या नातवाचं लग्नच पाहायले जाऊ? म्हणून मग आम्ही जोरात शिकायला लागलो.

त्या गाडीने पुढे खाप्यात बरीच वर्षं काढली. आमच्याकडे काढली त्याहून जास्तच असावीत. शोभाने काकूंना तिच्यातून कळमन्याला नेलं, गावातल्या नवऱ्या मुलींना तिच्यातून सासरी पोचवलं, आणि नवरा भिलाईहून कायमचा परत आला तेव्हा त्यालाही तिच्यावरच शिकवलं. त्याला ती फार ओरडायची, असं ती मला फोनवर सांगते. आता आजी झाली आहे, गुडघे तिचेही कुरकुरतात, पण गाडी चालवणं सोडलेलं नाही. आमच्या नव्या गाडीबद्दल मला फारसं आठवत नाही. चांगली होती. लगेच सुरू व्हायची.

आठवतो तो शेवटचा रविवार. दोघींचीही पक्की लायसन्सं हातात आली होती आणि गाडी आता खरोखर पोचवायची होती. परत येणार होतो ते एसटीने. या खेपेला आईने ओटी भरली नाही. म्हणाली, एकदा भरली आहे, आता तिला काय माहेरपणाला आलेली समजायची. बाबा आपल्या बाजूने न जाता फिरून डावीकडच्या दाराशी गेले, बसले, आणि किल्ली चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवून दिली. मी बसले. आई मागे. फाटकाच्या वाकड्या खांबापासून मी गाडी वीतभर अंतर ठेवून बाहेर काढली. शहरातून जाताना बाबांचा उजवा पाय माझ्याबरोबर दाबला जात होता, मला तो दिसत होता. "हॉर्न," ते म्हणायचे, "आता थांब, त्याला जाऊ दे." कोराडी मागे गेली. समोरून पहिला मोठा ट्रक आला तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरलेला मला ऐकू आला. ट्रक गेला. दुसरा आला, तोही गेला. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, आंबिया बहराच्या फुलांचा वास आत येत होता, आणि मी हळूहळू खांदे सोडले. आईशी काहीतरी बोलले, आईने काहीतरी उत्तर दिलं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की बाबांनी मला काहीच सांगितलेलं नाही. तिरक्या नजरेने पाहिलं, तर त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, चष्मा नाकावर उतरलेला, तोंड किंचित उघडं. बाबा गाढ झोपले होते.

आईनेही पाहिलं होतं. ती पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "उठवू नको." मला उठवायचं नव्हतंच. मी खड्डे चुकवत, गिअर हलक्या हाताने बदलत, जमेल तितकी अलगद चालवत राहिले. माझ्यासाठी भिणारा माणूस माझ्या बाजूला निर्धास्त झोपला आहे, एवढंच माझ्या मनात होतं, आणि त्या आनंदाची बरोबरी पुढे आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी केली. खाप्यात शिरले, बाजाराचं मैदान ओलांडलं, गुलाबरावांच्या अंगणात कोंबड्यांना वाट द्यायला थांबले आणि गाडी सावलीत नेऊन बंद केली. इंजिनाचा आवाज थांबला तसे बाबा जागे झाले. त्यांनी चष्मा सारखा केला, बाहेर बघितलं, आणि लहान मुलं प्रवासात विचारतात तसं मला विचारलं, "पोहोचलो का गं?"

"पोहोचलो, बाबा," मी म्हटलं. समोर शोभा किल्लीसाठी हात पुढे करून उभी होती. मी तिला खुणेनं थांब म्हटलं, आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.